कोरं म्हणजे पास

माझी धाकटी जाऊ पडदे शिवते. कपडे नाही, नुसते पडदे. कुणी झगा नाहीतर सदरा घेऊन आलं, की ती मशीनवरून नजर न काढता सांगते, "माणसं आज बारीक, उद्या जाड. खिडकी जागची हलत नाही. मला आपली खिडकीच बरी."

आमच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे तिचं दुकान. मधोमध लांब टेबल, खिडकीला लागून मशीन, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या कात्र्या आणि वर एक आडवी दांडी. शिवलेला पडदा त्या दांडीवर टांगून बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. एकदा एक साहेब तणतणत आले. पडदा म्हणे एका बाजूला दोन बोटं आखूड आहे. ही टेप घेऊन त्यांच्या घरी गेली आणि परत येऊन मला म्हणाली, "जाऊबाई, पडदा सरळ आहे. त्यांचं घर वाकडं आहे."

"मग काय केलंस?"

"घर काही उसवता येत नाही. पडदाच वाकडा करून दिला. आता सरळ दिसतो."

ही अशी बाई. हातातल्या कामाबद्दल तिला कधी शंका नसते, आणि तिच्या मुलीबद्दलही कधी नव्हती. बाकी आम्हा सगळ्यांना होती.

मी रोज सकाळी देवापुढे बसले की वहीचं एक पान लिहिते. आधी प्रार्थनेची एक ओळ उतरवायची, मग आदल्या दिवशी जे घडलं ते. पुढचं सगळं त्या पानांवरूनच लिहिते आहे, तेव्हा कधी काय झालं यात चूक नसावी. अक्षरांत असेल. 'देवा, मला स्थिर मन दे' ही ओळ उतरवताना एकदा माझ्या हातून एक काना जास्त पडला आणि झालं, 'देवा, मला स्थिर मान दे'. पान उघडं राहिलं आणि नेमकं धाकटीने वाचलं.

"अगंबाई, माझ्यासाठी मागितलंत वाटतं! दिवसभर मशीनवर वाकून माझीच मान गेलीय."

पुढे आठवडाभर घरात तेच. हेसुद्धा कामावर निघताना दारातून विचारायचे, "काय, मान स्थिर ना?"

धाकटीची मुलगी ठिपकी. गालावर तीळ आहे म्हणून ठिपकी. सात महिन्यांची असताना तिला पहिला झटका आला. डोळे एका बाजूला गेले, हात ताठ झाला. औषधांनी झटके आटोक्यात आले, पण बोलणं काही येईना. जीभ तिचं ऐकतच नसे. घास एका गालातून दुसऱ्या गालात न्यायला वेळ लागे, लाळ गळे. सहा वर्षांची झाली तरी तोंडातून दोनच शब्द निघायचे, 'मं' आणि 'बाऽ'. 'मं' म्हणजे आई आणि 'बाऽ' म्हणजे उरलेलं सगळं जग, त्यात मीही आले आणि शेजारचं मांजरही आलं.

हिला कळतं का? हा एक प्रश्न घरात सगळ्यांच्या मनात होता, मोठ्याने कुणी विचारत नव्हतं. सासूबाई एकदा बोलून गेल्या, "गुणाची आहे गं पोर, पण बाहुलीसारखी."

धाकटीने कात्री टेबलावर ठेवली. "आई, बाहुली पडद्यातल्या चुका काढत नाही."

या चुका काढण्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं. शिवलेले पडदे टेबलावर पसरले की धाकटी विचारते, "यातला बरोबर कुठला गं, ठिपके?" ठिपकी शिंप्याचा चपटा खडू घेऊन टेबलाभोवती फिरते. एखादी चुणी कमी-जास्त असेल, टाका सुटला असेल, तर तिथे पांढरी फुली मारते. फुली म्हणजे उसव. ज्यात काही खोट नाही त्याला ती खडू लावत नाही. "कोरं म्हणजे पास," असं म्हणत धाकटी त्या पडद्याची घडी घालते. जिला तोंडाने 'हो' म्हणता येत नाही, तिला आईने लावून दिलेली ही वाट. चांगल्या कापडावर उगाच खूण कशाला करायची, हा त्यामागचा विचार. शिवणाऱ्या बाईचा विचार.

ठिपकी साडेपाच वर्षांची झाली तेव्हा मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोक्याचे नवे फोटो काढवले. ते बघायला धाकटी, भावजी आणि मी असे तिघं गेलो. भावजी म्हणजे माझे दीर, ठिपकीचे वडील. ट्रक चालवतात, बोलतात कमी. डॉक्टरीणबाईंनी दोन फोटो शेजारी शेजारी लावले.

"ही मेंदूची बाहेरची साल. दिसायला पातळ, पण बोलणं, हात हलवणं, विचार करणं, सगळ्यात हिचा हात असतो. नेहमी हिला अशा रुंद घड्या असतात. आणि ही ठिपकीची. कानांच्या वरच्या बाजूला बघा, दोन्हीकडे."

धाकटी उठून अगदी जवळ गेली. "चुण्या," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"बारीक चुण्या पडल्यात. एकीला लागून एक. दोऱ्याचा ताण बिघडला की अशाच पडतात."

भावजींनी तिचा पदर ओढला. "अगं, हे कापड नाही."

"बोलू द्या त्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अगदी तसंच नाही, पण फार लांबचंही नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन आठवेल तसं वहीत उतरवलं. बाळ पोटात असताना मेंदूच्या पेशी आत खोल जन्मतात आणि चालत चालत वरच्या सालीत येऊन आपापली जागा धरतात. बाळाला तेव्हा ना काही बघायचं असतं ना बोलायचं, पण पेशींची आपसांतली कुजबुज सुरू झालेली असते. ही कुजबुज विजेची. पेशीच्या भिंतीत बारीक बारीक दारं असतात. दार उघडतं, मिठातल्या सोडियमचे कण आत शिरतात, इशारा जातो आणि दार लगेच मिटतं. ठिपकीची ही दारं पुरती मिटत नसावीत, फटीतून गळत असावीत, असा डॉक्टरीणबाईंना संशय होता.

"दार कसं घडवायचं हे जनुकात लिहिलेलं असतं," त्या म्हणाल्या. "लिहिण्यातच चूक झाली तर दार तसंच घडतं. मग पेशींना नको तेव्हा, नको तेवढे इशारे जातात आणि त्या भागातल्या घड्या चुकतात. जिभेला नि ओठांना हुकूम देणारी जागा नेमकी तिथेच आहे."

"आणि कळण्याची जागा?" धाकटीने विचारलं.

"ती काही एका कोपऱ्यात नसते. फोटोवरून मी ते सांगू शकत नाही. ते तुम्हाला मुलीकडूनच कळेल."

"या चुण्या उसवता येतात?"

"नाही. झटक्यांवर औषध आहे, जिभेसाठी व्यायाम आहेत. पण घड्या एकदा पडल्या की पडल्या."

धाकटी म्हणाली, "बरं. म्हणजे त्या साहेबांच्या घरासारखं."

डॉक्टरीणबाईंनी भावजींकडे बघितलं, भावजींनी माझ्याकडे. मला समजलं होतं, पण तिथे कुठे सांगत बसणार.

जनुकात चूक आहे का आणि असली तर कुणाकडून आली, हे बघायला तिघांचं रक्त घेतलं, ठिपकीचं आणि आईवडिलांचं. सासूबाईंनी निकालाआधीच निकाल देऊन टाकला. "आमच्या घरात सगळे पोपटासारखे बोलतात."

"ते तर रोजच ऐकतेय," धाकटी म्हणाली.

त्या दिवसांत मी देवाकडे काय मागितलं ते लिहायला लाज वाटते, पण पानावर आहे तेव्हा लपवत नाही. दोष आपल्या घराकडून निघू नये, एवढंच मी मागत होते. पुढे समजलं की धाकटीही रोज काहीतरी मागत होती, आणि ते वेगळंच होतं.

निकाल यायला कितीतरी आठवडे लागले. डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. "आईकडून नाही, वडिलांकडूनही नाही. ही चूक ठिपकीतच नव्याने झालेली आहे. एका पेशीतून दुसरी होताना जनुकांची ही अब्जावधी अक्षरं दर वेळी उतरवून काढली जातात. त्यात एक अक्षर बदललं. कुणी काय खाल्लं, काय काम केलं, याचा काही संबंध नाही."

"मशीनचाही नाही?" धाकटीने विचारलं.

"कसल्या मशीनच्या?"

"शिवणाच्या. पोट टेबलाला टेकत होतं, तरी मी शिवत होते. अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत."

सहा वर्षांत हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं; दोष मशीनचा नसू दे, एवढंच ती रोज देवाकडे मागत होती. एका छपराखाली राहून, एका ओट्यावर स्वयंपाक करून, मला त्याचा पत्ताही नव्हता.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याचाही अजिबात नाही."

धाकटीने पदराने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जाऊबाई, काना पडला हो जास्तीचा." आणि आम्ही दोघी हसत सुटलो. डॉक्टरीणबाईंना काय वाटलं असेल देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रार्थनेची ओळ लिहायच्या आधी देवाची क्षमा मागितली. कुणाच्या घरावर ढकलायला निघाले होते मी?

आता शाळेचं. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे शाळा आहे. तिथल्या मोठ्या बाई ठिपकीला पहिलीत घ्यायला तयार होत्या. अट एकच, मुलीला सांगितलेलं समजतं असा परीक्षकांचा दाखला हवा. दाखला नाही मिळाला तर परगावची निवासी संस्था. तिथून मुलांना महिन्यातून एकदा घरी आणायला मिळतं. भावजी ती संस्था बघून आले. म्हणाले, "स्वच्छ आहे. माणसं चांगली आहेत." आणि जेवायला बसलेच नाहीत.

परीक्षा एका कार्यालयात होती. घरच्यांनी बाहेर बसायचं, मूल एकटं आत. ठिपकी अर्ध्या तासाने बाहेर आली ती बोटांना शिसं लागलेली आणि खुशीत. दहा दिवसांनी अहवाल आला. 'मुलीस साध्या सूचना समजत नाहीत. चित्रांच्या कागदावर जिथे तिथे फुल्या मारल्या आहेत. निवासी संस्थेची शिफारस.'

भावजी म्हणाले, "त्यांनाही अनुभव असेल ना गं. रोज एवढी मुलं बघतात."

"असू दे. मीही रोज पडदे बघते," धाकटी म्हणाली. "काम बघितल्याशिवाय मी कुणाचा पडदा परत घेत नाही. मला तो कागद बघायचाय."

दुसऱ्याच दिवशी ती, मी आणि ठिपकी त्या कार्यालयात हजर. परीक्षक बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला, टेबलावर कागदांचा ढीग.

"निकाल कळवलाय ना तुम्हाला?"

"कळवलात. मला तिचं काम बघायचंय."

"त्याने काय होणार आहे?"

"बघितल्यावर सांगते."

परीक्षक बाईंनी उसासा सोडला आणि कपाटातून कागद काढून दिला. पंधरा ओळी, दर ओळीत चार चित्रं. धाकटीने तो खिडकीपाशी नेला, तिरका धरला, कापडातली सुटलेली तार शोधावी तसा वरून खाली नजरेखालून घातला. मी मनात जप सुरू केला होता.

"बाई, पहिल्या ओळीत हिला काय विचारलं होतं?"

"यातलं मांजर कुठलं, खूण कर. दर ओळीत तसंच, एक एक वस्तू."

"यातलं मांजर कुठलं," धाकटी सावकाश म्हणाली. "आणि फुली कुणी सांगितली?"

"फुली तिची तिने मारली. एकावर असती तर प्रश्न नव्हता. बघा ना, तीन तीन मारल्यात."

"दुसऱ्या ओळीत काय विचारलं होतं?"

"छत्री. अहो, तुम्ही..."

"छत्री कोरी आहे," धाकटी म्हणाली. "मांजरही कोरं आहे. तिसरीत?"

परीक्षक बाईंनी चष्मा डोळ्यावर चढवला. "घड्याळ."

"कोरं."

"झाड."

"कोरं. जाऊबाई, इकडे या, बघा. कोरं म्हणजे पास!"

मला वाटतं सगळ्या कार्यालयाने ते ऐकलं. तिने मग दुकानातली पद्धत सांगितली. फुली म्हणजे उसव, बरोबर असेल त्याला खडू लावायचा नाही. बरोबर कुठलं असं विचारलं, की मुलगी चुकीची सगळी खोडते. परीक्षक बाई ऐकता ऐकता उठून तिच्या शेजारी खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. दोघी एकेका ओळीवर बोट ठेवत खाली जात होत्या. अकराव्या ओळीपाशी परीक्षक बाईंचं बोट थांबलं.

"इथे चारही खोडलीत. इथे काय?"

"इथे काय विचारलं होतं?"

"कात्री."

धाकटीने कागद डोळ्यांजवळ नेला आणि तिला हसू आवरेना. "बाई, तुमच्या या कात्रीला मधला खिळाच नाही! दोन पाती नुसती एकमेकांवर ठेवलीत. असली कात्री आमच्या घरात पास व्हायची नाही."

परीक्षक बाईंनी चित्र निरखून बघितलं. "वीस वर्षं हा कागद वापरतेय मी," त्या म्हणाल्या. मग खाली वाकून त्यांनी ठिपकीला विचारलं, "का गं, मोडकी कात्री होय?"

"बाऽ," ठिपकी म्हणाली.

"पण नियम असा आहे," परीक्षक बाई सरळ होत म्हणाल्या, "की मी सांगेन ते तिला करता यायला हवं. तुमच्या पद्धतीने नव्हे, माझ्या."

"मग सांगा तिला. ती तुमच्यासमोरच आहे."

परीक्षक बाईंनी दुसरा, नवा कागद काढला. ठिपकीला शेजारच्या खुर्चीवर बसवून त्या म्हणाल्या, "हे बघ. घरी फुली म्हणजे उसव. इथे फुली म्हणजे पास. बरोबर असेल त्यालाच फुली. बाकीचं कोरं ठेवायचं. मासा कुठला?"

ठिपकीने आईकडे बघितलं. असला उलटा कारभार तिने कधी ऐकला नव्हता. धाकटीने हाताची घडी घातली आणि छताकडे नजर लावली. मदत करायची नाही, हे ती न सांगताच पाळत होती. मी बाकावर बसून पुन्हा जप धरला.

ठिपकीने पेन्सिल उचलली. माशाजवळ नेली. थांबली. नाक मुरडलं. चांगल्या कापडावर डाग पाडायला सांगितल्यासारखा चेहरा करून तिने माशावर एक बारीकशी फुली मारली, अगदी शेपटीच्या टोकाला, कमीत कमी नुकसान होईल अशी.

"शाबास," परीक्षक बाई म्हणाल्या. "बादली?"

फुली. मग पतंग, मग चमचा. सातव्या ओळीनंतर परीक्षक बाईंनी विचारायचा वेग वाढवला, ठिपकीनेही वाढवला. पंधराव्या ओळीनंतर लाळ कागदावर पडू नये म्हणून तिने स्वतःच रुमालाने तोंड पुसलं आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

परीक्षक बाईंनी लगेच तिथेच दाखला लिहायला घेतला. लिहिता लिहिता त्या धाकटीला म्हणाल्या, "बोलणं यायला कठीण जाईल हिला. ते काही मी इथे बदलू शकत नाही."

"ते मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. जिभेच्या वाटेवर चुण्या आहेत. वाट दुसरीकडून काढायची, एवढंच ना? काढलीय की तिने."

मग परीक्षक बाईंनी आधीच्या अहवालाची आपल्याकडची प्रत पुढे घेतली आणि तिच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोठी फुली मारली. "हा उसवला," त्या म्हणाल्या. आमची भाषा त्यांना तासाभरात आली होती. ठिपकीने टाळ्या पिटल्या.

नव्या दाखल्यावर सही झाली, शिक्का बसला. त्यांनी तो धाकटीच्या हातात द्यायच्या आधी गंमत म्हणून ठिपकीपुढे धरला. "बघ गं बाई, ठीक आहे का?"

ठिपकीने तो गंभीरपणे घेतला. पालथा करून बघितला. खिडकीकडे उजेडात धरला, कडेकडेने बोट फिरवलं, शिक्क्यापाशी जरा जास्तच रेंगाळली. दुसऱ्या हातात पेन्सिल तयार होती. धाकटीचा श्वास अडकलेला त्या एवढ्या दिवसांत मी तेव्हाच पहिल्यांदा बघितला.

ठिपकीने पेन्सिल टेबलावर ठेवून दिली आणि दाखल्याची नीट घडी घातली.